तरोट्याची रोजी

“समदाच उपटून टाकला त पुढच्या साली आमाले कोन बलावन, ताई?” ती म्हणाली आणि ओळीतल्या सगळ्या जणी खळखळून हसल्या. मीही हसले. पोळा नुकताच झाला होता. मी मावशीकडे गेले होते; चंद्रपूर जिल्ह्यातलं, जंगलाला खेटून असलेलं गाव. गावाच्या वरच्या अंगाला वनखात्याने राखलेलं एक कुरण आहे, तिथे बायका तरोटा, म्हणजे टाकळा, उपटत होत्या. त्यातली ही एक मावशीकडे धान लावायला येणारी, ओळखीची, म्हणून मी धुऱ्यावर बसून तिच्याशी गप्पा मारत होते. तिच्या मागे तरोट्याचं एक झाड तसंच राहिलं होतं. कमरेएवढं, खालची फुलं गळून कोवळ्या शेंगा लोंबायला लागलेलं. मी नुसतं बोट दाखवलं, तेव्हा ती हे बोलली. मग उठून मागे गेली, दोन्ही हातांनी बुडाशी धरून झाड उपटलं, मुळाची माती झटकली आणि ढिगावर फेकलं. गंमत तिथेच संपली. मला मात्र परतीच्या एसटीत ते वाक्य काही सोडेना, कारण त्यात गमतीइतकाच हिशेबही होता. आणि तो हिशेब चुकीचा आहे असं मला कुठूनही म्हणता येत नव्हतं.

हे काम पावसाने उघडीप दिली की निघतं. माती ओली असते तोवर सोटमूळ अख्खं वर येतं. ऊन लागून माती आवळली की झाड वरच तुटतं आणि बुडखा पुन्हा फुटतो. सकाळी मुकादम वहीत नावं लिहून घेतो, मग बायका ओळ लावून वाकतात. कडेला दोघे जण काठ्या घेऊन उभे असतात, मधूनमधून पत्र्याचा डबा वाजवतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे इकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं. तरोट्याला हिरवट, उग्रसा वास. पण तो एक वेळ चालतो. खरी तऱ्हा रानतुळशीची. डोक्याच्या वर गेलेली, देठादेठाला चिकट लव, आणि वास असा की हात दोनदा धुतला तरी डब्यातल्या भाताला लागतो. दुपारी पळसाखाली डबे उघडले तेव्हा भात, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, आणि सगळ्यावर रानतुळस. “आता आमाले वास येतच नाही,” एकजण म्हणाली, “घरी गेल्यावर मानूस सांगते.”

गंमत म्हणजे हाच तरोटा पहिल्या पावसात याच बायका ओटीत भरभरून खुडून नेतात. दोन-चार पानांचा असतानाच घ्यायचा, लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, थोडी भिजवलेली डाळ. विदर्भातल्या घरांत मृगानंतर तरोट्याची भाजी एकदा तरी व्हायचीच. आखाडात ताटात आणि भादव्यात ढिगावर, इतकंच. मला हे आवडतं. शत्रू म्हणून ज्याला उपटायचं त्याची चव तोंडात असणं.

कुरण राखायला इतका खटाटोप कशाला, हे ताडोबा पाहून आलेल्यांना वेगळं सांगायला नको. नवेगाव, जामणी इथल्या कुरणांत वाघ पाहून लोक फोटो टाकतात. ती कुरणं म्हणजे कधीकाळची गावं. माणसं बाहेर वसवली गेली, घरं गेली, धानाच्या बांध्या राहिल्या. बांधी मोकळी सोडली की तिथे आपोआप गवत येईल असं शहरातल्या माणसाला वाटतं. येतो तो तरोटा, येते रानतुळस, येतं गाजरगवत. चितळ त्यांना तोंड लावत नाही. मारवेल, पवना, कुसळी या गवतांना जागा हवी असेल तर आधी जागा मोकळी करून द्यावी लागते. तीही एकदा नाही, दर पावसाळ्यात, नेमाने, बी धरायच्या आत. तरोट्याच्या बीचं कवच इतकं टणक की मातीत कित्येक वर्षं ते नुसतं पडून राहतं आणि आपली पाळी येण्याची वाट बघतं. कुरण म्हणजे शेतच, फक्त पीक चितळाच्या पोटात जातं. आणि निंदणाशिवाय शेत होत नाही.

नेमकं हे निंदण सरकारी भाषेत काम ठरत नाही.

2005 च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत एक ओळ होती. डोळ्यांना दिसत नाहीत, मोजता येत नाहीत आणि पुन्हा पुन्हा करावी लागतात अशी कामं घेऊ नयेत; आणि उदाहरण म्हणून पुढे दिलं होतं काय, तर गवत काढणं, खडे वेचणं, शेतीतली कामं. ओळीमागचा हेतू मला कळतो. खोटी मस्टरं भरायला गवत काढण्यासारखं सोयीचं काम नाही. आज काढलं, उद्या उगवलं, तपासायला आलेल्या माणसाला काय दाखवणार? तळं खोदलं तर खड्डा मोजता येतो. त्यामुळे रोजगार हमीत तळी झाली, बांध झाले, पांदण रस्ते झाले, विहिरी झाल्या. त्यांनी गावं तगली, हे मी नाकारत नाही. पण आक्रमक वनस्पती काढणं या कामाचा स्वभावच मुळी पुन्हा करण्याचा आहे. एकदाच केलं तर ते न केल्यासारखंच, कधी कधी त्याहून वाईट. मग त्याला पैसा कुठून येतो? कधी वनखात्याच्या आराखड्यातून, कधी जंगल तुटल्याच्या भरपाईतून उभ्या राहिलेल्या ‘कॅम्पा’ निधीतून, कधी व्याघ्र प्रतिष्ठानाच्या तिजोरीतून. पैसा असतो. पण तो ‘यंदा’ असतो. पुढच्या साली असेल की नाही हे आज हजेरी लिहिणाऱ्या मुकादमालाही माहीत नसतं.

माझ्या सासूबाई बीडकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आहे. तेव्हा त्या लग्नाच्याही नव्हत्या. हातोडीचे घट्टे, तोंडाला बांधलेलं फडकं, दुपारी मिळणारी सुकडी, पोटाला तांबडी मिलो ज्वारी, हे सगळं त्या सांगतात तेव्हा त्यात रडगाणं नसतं, उलट एक प्रकारचा थाट असतो. “आमी केलेला रस्ता अजून हाय,” असं त्या म्हणतात. तो रस्ता त्यांनी मला दाखवलाय. आता डांबरी झालाय, पण पाया त्यांचा. वि. स. पाग्यांनी राज्याच्या ज्या रोजगार हमी योजनेचा ध्यास घेतला, जी आधी सांगलीकडच्या विसापूरला करून पाहिली, दुष्काळात राज्यभर नेली आणि जिचा 1977 मध्ये कायदा झाला, तिचं सगळं पुण्य मला त्या एका वाक्यात सापडतं. केलेलं काम दिसत राहणं. मावशीच्या गावच्या त्या बायकांना हे वाक्य कधीच म्हणता येणार नाही. त्यांचं काम नीट झालं तर तिथे काहीच दिसणार नाही. गवत दिसेल, आणि गवत कोणी केलं असं कुणी विचारत नाही.

याच योजनेसाठी 1975 पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर सुरू झाला. पगारपत्रकात ‘पी. टी. 200’ असं जे येतं ते हेच. फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. पुढे 2005 च्या कायद्याने रोजगार हमीच्या मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला, त्यामुळे माझे दोनशे नेमके कुठल्या हौदात जाऊन पडतात ते देव जाणे, पण मी आपली मनातल्या मनात ते अजून खडी फोडणाऱ्यांच्या नावावर टाकते. ऑफिसात पगारपत्रक उघडून करांवर बोटं मोडण्याचा कार्यक्रम दर महिन्याला होतो. पी. टी.वर मात्र कोणी बोलत नाही. रक्कम लहान म्हणून असेल.

असं उपटण्याचं काम देशपातळीवर, ठरवून, माणसांना रोजगार म्हणून देणारा देश म्हणजे दक्षिण आफ्रिका. 1995 मध्ये, मंडेलांच्या मंत्रिमंडळातले पाणीमंत्री कादर अस्माल यांनी ‘वर्किंग फॉर वॉटर’ सुरू केलं. तिकडचे उपद्रवी म्हणजे ब्लॅक वॉटल, पाइन, निलगिरी, हाकिया. डोंगरमाथ्यावर ही बाहेरची झाडं माजली की ओढ्याला यायचं पाणी तीच पिऊन टाकतात. तेव्हा झाडं काढा, पाणी वाढेल, आणि काढायला गावातली बेकार माणसं घ्या, त्यातही बायकांना मोठा वाटा ठेवा, असा सरळ हिशेब. मला त्यातलं नाव फार आवडतं. झाडाविरुद्ध नाही, पाण्यासाठी. 2018 मध्ये केपटाउनचे नळ कोरडे पडायची वेळ आली तेव्हा अभ्यासकांनी पुन्हा तोच हिशेब मांडला: शहराला पाणी पुरवणाऱ्या पाणलोटांत ही झाडं दरवर्षी सुमारे 55 अब्ज लिटर पाणी गिळतात.

पण तिकडच्याच शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये मागे वळून पाहिलं तेव्हा चित्र संमिश्र निघालं. 1995 ते 2008 या काळात सुमारे 3.2 अब्ज रँड खर्च झाले होते, हजारो लोकांना काही ना काही काळ काम मिळालं होतं, काही ठिकाणी डोंगर खरोखर मोकळे झाले होते. तरी एकूण पाहता बाहेरची झाडं बहुतेक भागांत मागे हटली नव्हती, वाढलीच असावीत. कारणं अनेक. मला त्यातलं एक वाचून आपली कुरणातली बाई आठवली. सार्वजनिक रोजगाराचा तिथला सुरुवातीचा नियम असा की एका माणसाला पाच वर्षांत जास्तीत जास्त दोन वर्षं काम. उद्देश चांगला, सगळ्यांना पाळी मिळावी, कुणी त्यावरच बसून राहू नये. परिणाम असा की कुठलं झाड कुठे कापायचं, औषध बुंध्याला किती लावायचं, उतारावर साखळी करवत कशी धरायची हे ज्याला कळायला लागलं तो घरी, आणि नवा माणूस पहिल्या दिवसापासून. रोजगार द्यायचा की झाड काढायचं, असं एक काहीतरी ठरवा, असं कुणी त्यांना म्हटलंही असेल. मला ते म्हणवत नाही. गरीब देशात दोन्ही हवं असतं आणि दोन्ही हवं असण्यात काही गैर नाही. खोट आहे ती ‘तात्पुरतं’ या अटीत. बी कायमचं आणि माणूस तात्पुरता, असा सामना लावल्यावर कोण जिंकणार?

आपल्याकडे त्यात आणखी एक भर, मार्च एंडची. तरोट्याला, रानतुळशीला दसऱ्यापासून पुढे बी पक्कं व्हायला लागतं. म्हणजे उपटायचं ते पोळ्याच्या मागेपुढे, फार तर गणपती उठेपर्यंत. पण निधी काय पोळ्याची वाट बघत बसत नाही. तो मंजूर होऊन, वरून खाली उतरून, टेबलाटेबलावर थांबत कधी दिवाळीनंतर पोचतो, कधी चक्क फेब्रुवारीत, आणि मग एकतीस मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. एका वर्षी मी स्वतः पाहिलंय. शिमग्याच्या तोंडावर मजूर वाळलेली रानतुळस कापत होते, भारे बांधत होते, कुरणभर ओढत नेत होते. पायाखाली नुसता खुळखुळ आवाज. प्रत्येक भाऱ्यामागे बियांची वाट पडत होती. नांगरून पेरली असती तरी इतकी सारखी पडली नसती. मी तिथल्या एका म्हाताऱ्या वनमजुराला विचारलं, हे आता कशाला? तो विडी विझवत म्हणाला, “तन सायबाचं नाही न बाई, पैसा सायबाचा हाय. पैसा आला का काम निघते.” त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊस कधी येतो ते सांगावं तसं सांगितलं.

गाजरगवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगा बरा, असं कधी कधी वाटतं. 1984 मध्ये बंगळुरूला सोडला, तेव्हापासून पावसाळा आला की आपापला कामाला लागतो. त्याला मस्टर नको आणि मंजुरी नको. पण त्याची घरी वाट पाहणारी पोरंही नसतात, त्यामुळे या तुलनेत अर्थ नाही. शाळेत असताना दोन ऑक्टोबरला आमच्याकडून मैदानातलं गाजरगवत उपटून घ्यायचे. हातमोजे वगैरे काही नाही. संध्याकाळी कोपरापर्यंत खाज. ते अमेरिकन गव्हातून आलं असं मास्तर सांगायचे आणि आम्हाला अमेरिकेचा फार राग यायचा. शाळेच्या कुंपणाला मात्र रायमुनिया, म्हणजे घाणेरी, होती आणि तिच्यावर कुणाचाच राग नव्हता. फुलाच्या नळीतला गोड थेंब चोखायचा, काळी पिकलेली फळं खायची, जीभ जांभळी झाली की एकमेकींना दाखवायची. बुलबुलांची तर तिथे पंगत असायची. पुढे वाचलं की ही बाई 1809 मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेली. आता तिने देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर क्षेत्र व्यापलंय, असा 2020 मधला अभ्यास सांगतो. तिच्या जाळीखाली गवताची काडी उगवत नाही. हे सगळं पटतं. तरी कुणी रायमुनियाला शिव्या घातल्या की मला आधी तो गोड थेंब आठवतो, मग चाळीस टक्के.

रायमुनिया काढायचंही एक तंत्र आहे. वरून छाटली तर दुप्पट फुटते, जाळली तर आणखी माजते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सोपी रीत बसवली: जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली मूळ तोडायचं, झुडूप उचलून उलटं ठेवायचं, म्हणजे मातीशी संबंध तुटून ते जागीच वाळतं. मग पुढची दोन-तीन वर्षं बुलबुलांनी टाकलेल्या बियांची रोपं उपटत राहायची आणि रिकाम्या जागेत गवत आणायचं. बघा, पुन्हा तेच. तोडणं एका दिवसाचं, राखण तीन वर्षांची. निविदा मात्र तोडण्याची निघते.

त्या दिवशी कुरणात त्या बायकांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही निविदेत मावणारं नव्हतं. मला सगळं हिरवं एकसारखं दिसत होतं. ती ओळखीची बाई वाकली की तरोटाच हातात यायचा, शेजारची मारवेल कधी चुकूनही नाही. मारवेलीच्या पेऱ्यांवर बारीक पांढरी लव असते, ते तिने काडी तोडून, माझ्या बोटाने चाचपून दाखवलं. तिखाडीचं पान चुरगाळून नाकाशी धरलं. पवना दिवाळीत पिकतो, त्याचं बी कणसाच्या वरच्या टोकाकडून आधी गळतं, म्हणून एकाच दिवशी सगळं झोडायला जायचं नाही, हेही तिनेच सांगितलं. हे कुठे शिकलीस विचारल्यावर म्हणाली, “म्हशी चारल्या न लहानपनापासून. म्हैस का खाते, का नाही खात, ते पाहून पाहून.” म्हशी आता नाहीत. चराईबंदी झाली, वाघ वाढले, म्हशी विकल्या. तिला गवत कळतं ते ज्या जगण्यातून कळलं ते जगणं संपलंय, आणि त्या कळण्याचा उपयोग वर्षातून काही दिवस, रोजंदारीवर, अकुशल मजूर या रकान्यात होतो. अकुशल! मी दुपारभर तिथे बसून दोन गवतं ओळखायला शिकले, त्यातलं एक संध्याकाळी पुन्हा चुकलं.

आणि ती रोजी तरी वेळेवर मिळते का, तर त्यांच्याच सांगण्यावरून, आदल्या वर्षीचे पैसे संक्रांतीला जमा झाले होते. कुणाच्या खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, कुणाचा अंगठा मशीन घेत नव्हतं, रानतुळस आणि धानाच्या चिखलाने बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवत राहिले. मधल्या काळात किराणा उधारीवर, आणि उधारीवरचा किराणा महाग. तरी यंदा बोलावल्यावर सगळ्या आल्या, कारण धानाची रोवणी उरकलेली, कापणीला अवकाश, आणि हे पंधरा-वीस दिवसांचं काम गावातच, संध्याकाळी घरी पोचता येणारं. मिरची तोडायला तेलंगणात जाण्यापेक्षा हे बरं. मोठ्या पोरीची शाळा बुडत नाही, असं एकीने सांगितलं. तात्पुरत्या कामाला नावं ठेवताना मला हे सोयीस्करपणे विसरता येत नाही. नसण्यापेक्षा ते खूपच आहे.

पण मग तिच्या त्या वाक्याचं काय? मी ते बऱ्याच जणांना सांगून पाहिलं. शहरातले मित्र लगेच म्हणतात, बघ, म्हणूनच सरकारी कामं होत नाहीत, त्यांना तण संपवायचंच नसतं. वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाने मान हलवली आणि म्हणाला, तिने सगळाच उपटला तरी पुढच्या साली तरोटा येणारच आहे, तिने काळजी करू नये. बोलावणं येईलच असं नाही, एवढंच. मला वाटतं यात सगळं आलं. तणाची हमी आहे. तिची नाही. तिला जर आजच कुणी सांगितलं असतं की हे कुरण पाच पावसाळे तुमच्याच गटाकडे, पोळ्याला उपटणी, दिवाळीला पवन्याचं बी गोळा करणं, उन्हाळ्यात जाळरेषा, आणि पैसे दिसणाऱ्या गवतावर, तर ते मागे राहिलेलं झाड गमतीचा विषय तरी झालं असतं का? खाली संयुक्त वन व्यवस्थापन समिती असते, ग्रामसभा असते, आराखडे दहा-दहा वर्षांचे असतात. अंथरूण सगळं घातलेलं आहे. फक्त पैसा वर्षाचा.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. माझा वर्षाचा व्यवसाय कर 2,500. भागाकार केला तर बरोबर आठ दिवस येतात, वर चार रुपये उरतात. आमच्या ऑफिसात पगारपत्रक उघडणारे चाळीसेक जण आहोत. म्हणजे तीनशे वीस दिवस. वीस बायकांना सोळा-सोळा दिवसांचं काम, दर पोळ्याला, आम्ही निवृत्त होईपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत मी हा हिशेब टिश्यू पेपरवर मांडून दाखवला. अकाउंट्समधल्या सरांनी तो दोनदा तपासला, बरोबर आहे म्हणाले, आणि मग विचारलं, “पण मॅडम, हे असं आपल्या कराला हेड नेमून देता येतं का?” येत नाही. पण अर्ज लिहून पाठवायला कुणी बंदी केलेली नाही, तेव्हा मसुदा मी करतेय. पैसा गणपतीआधी पोचायला हवा, एवढं मात्र त्यात ठळक लिहिणार आहे.